तत्त्वज्ञानात बी.ए. करून काय होतं?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला 'आयटी क्षेत्रातील संधी' हा विषय दिला होता. मी तो बदलून मागितला. आयटीबद्दल आता तुमची मुलंच तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त सांगतील. त्यापेक्षा आपल्या बॅचच्या ग्रुपवर जी चर्चा अर्धवट राहिली, ती इथे पुरी करावी असं वाटलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. माझ्या भावाची मुलगी बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी पास झाली आणि तिनं नागपूरला बी.ए.ला प्रवेश घेतला. मुख्य विषय तत्त्वज्ञान. ही बातमी ग्रुपवर गेली आणि दोन दिवस कोणी धान रोवणीचंही बोललं नाही. "आता कीर्तन करणार का?" "आश्रम काढायचा असेल तर जागा धरणाकाठी बघा." हसून झालं. पण त्या रात्री आपल्यातल्याच एकानं मला वेगळा मेसेज केला. त्याची मुलगीही हेच म्हणते आहे, आणि तिला काय सांगावं हे त्याला कळत नाही. त्याचं नाव घेत नाही, तो इथेच बसला आहे. आजचं बोलणं मुख्यतः त्याच्यासाठी.

आधी माझ्या भावाची बाजू. ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आमची शेती किती आणि त्यातली बुडितात किती गेली, हे इथे अर्ध्या सभागृहाला माहीत आहे, कारण तुमचंही तेच आहे. मोबदल्याच्या पैशातून घर झालं, एक लग्न झालं, उरलेलं मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलं. ते एकदाच खर्च होणारे पैसे आहेत, पुन्हा येणारे नाहीत. त्यानं मला पुण्याला फोन केला. म्हणाला, "ताई, तू इंजिनिअर आहेस, तुझं ऐकते. तूच समजव तिले. त्यानं पोट भरते काय?" मी म्हटलं, बोलते तिच्याशी, पण समजावायचं की नाही ते बोलल्यावर ठरवू.

बोलताना तिनंच मला एक गोष्ट सांगितली, आणि या सगळ्या वादावर मला तीच जास्त उपयोगाची वाटते. आपल्या न्यायदर्शनात अनुमानाचं नेहमीचं उदाहरण आहे: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. हे आपण कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. पुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही. जिथे धूर तिथे अग्नी, हे खरं. मग जिथे अग्नी तिथे धूर, हे खरं का? नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. अग्नीबरोबर धूर यायला ओलं सरपण लागतं. या लपलेल्या अटीला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. एखादं विधान नेहमीच खरं वाटत असेल, तर आधी त्यातली उपाधी शोधा, असा त्यांचा आग्रह.

आता आपलं विधान घ्या. जिथे इंजिनिअरिंग, तिथे नोकरी. आपण १९९६ साली दहावी झालो. मी बारावीनंतर इंजिनिअरिंगला गेले आणि २००२ मध्ये बाहेर पडले. त्या दोन वर्षांत अमेरिकेतल्या डॉट-कॉम कंपन्या कोसळल्या होत्या आणि आपल्याकडची भरती आटली होती. माझ्या वर्गातली कितीतरी हुशार पोरं-पोरी वर्ष-दीड वर्ष घरी बसली. डिग्री तीच, प्रोफेसर तेच, मार्कही तेच. कमी होतं ते ओलं सरपण. दोन-तीन वर्षांनी बाजार उघडला आणि त्याच डिग्रीला धूर निघायला लागला. आपल्या गावांनी नेमका तो धूर पाहिला आणि नियम करून टाकला.

"तत्त्वज्ञान घेतलं की उपाशी मरणार" हेही असंच. आपण कोणाला मरताना पाहिलेलं नाही. खरं म्हणजे तत्त्वज्ञान घेतलेला माणूसच आपण पाहिलेला नाही.

त्या पदवीत शिकवतात काय, याबद्दलही फार घोटाळा आहे. भाचीच्या पहिल्या वर्षाची पुस्तकं मी दिवाळीत चाळली. तर्कशास्त्र आहे. नीतिशास्त्र आहे. भारतीय दर्शनं आहेत, आणि त्यात वेद मानणारी जितकी तितकीच न मानणारी, म्हणजे चार्वाक, जैन, बौद्ध. पाश्चात्त्य तत्त्वज्ञान आहे. पुढे समाज आणि राज्य यांचा विचार येतो. प्रवचन कुठे नाही. परीक्षेत "ईश्वराच्या अस्तित्वाच्या बाजूचे युक्तिवाद सांगून त्यांवरचे आक्षेप लिहा" असं विचारतात. नुसते युक्तिवाद लिहिले तर अर्धेच मार्क.

तर्कशास्त्राचं पुस्तक उघडलं तेव्हा मला मात्र माहेरी आल्यासारखं झालं. 'आणि', 'किंवा', 'जर-तर', 'नाही' यांचे सत्यता-तक्ते. मी बावीस-तेवीस वर्षं ह्यावर पगार घेते आहे. आमच्या धंद्यातल्या निम्म्या चुका अवघड गणितात नसतात, त्या 'किंवा' या शब्दात असतात. ग्राहक लिहून देतो, "खातं बंद असेल किंवा रक्कम थकलेली असेल तर संदेश पाठवू नका." मग पाठवायचा कोणाला? खातं चालू असलेल्याला, की रक्कम न थकलेल्याला, की दोन्ही अटी पुऱ्या करणाऱ्याला? उत्तर तिसरं आहे, पण अशा एका वाक्यावर चार जण तासभर भांडताना मी पाहिले आहेत.

हे तर्काचं गणित ज्याच्या नावानं ओळखलं जातं तो जॉर्ज बूल इंग्लंडातल्या एका चांभाराचा मुलगा. बरंचसं स्वतःच शिकलेला, पोटासाठी शाळामास्तर. विचारांचे नियम बीजगणितात मांडणारं त्याचं पुस्तक १८५४ चं. पुढची ऐंशी वर्षं त्याचा यंत्रांशी फारसा संबंध आला नाही. तर्कशास्त्र शिकणारे तेवढे ते वाचत. मग अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात क्लॉड शॅनन नावाच्या इलेक्ट्रिकलच्या विद्यार्थ्याला तत्त्वज्ञानाच्या वर्गात बूल भेटला. १९३७ मध्ये एमआयटीत त्यानं एम.एस.चा प्रबंध लिहिला: बूलचं बीजगणित वापरून विजेच्या स्विचांची मांडणी करता येते. तुमच्या खिशातला मोबाइल त्याच कल्पनेवर चालतो. आमच्याकडे त्या मंडलांना 'गेट' म्हणतात. आपल्या धरणाला तेहतीस गेट आहेत, तेही शेवटी उघडं किंवा बंद एवढंच जाणतात. (सर, हा विनोद दहावीत केला असता तर तुम्ही मला बाकावर उभं केलं असतं.)

पण तत्त्वज्ञान कॉम्प्युटरला उपयोगी पडतं म्हणून शिकावं, हे माझं म्हणणं नाही. तसं असेल तर सरळ कॉम्प्युटर शिकावा. माझं मत बदलायला नाही, पण पक्कं व्हायला दुसरीच गोष्ट कारण झाली, आणि ती इथली, गोसीखुर्दची आहे.

आपण शाळेत गेलो ती सगळी वर्षं हे धरण बांधलं जात होतं. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झाली. तेव्हाचा खर्च ३७२ कोटी धरला होता, पुढे तो कित्येक हजार कोटींवर गेला. २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्प म्हणून घोषित झाला. भंडारा, नागपूर, चंद्रपूर मिळून अडीच लाख हेक्टर भिजवायचं उद्दिष्ट. हे आकडे तुम्हाला पाठ आहेत. दर निवडणुकीला कोणी ना कोणी येऊन म्हणून दाखवतो.

माझं आजोळ बुडितात गेलं. पुनर्वसनाच्या जागी नवं गाव वसलं, नाव तेच. रस्ते सरळ, प्लॉट सारखे, शाळेची इमारत जुन्यापेक्षा चांगली. आजी तिथे राहायला गेली तेव्हा ऐंशीच्या घरात होती. एकदा ओट्यावर बसून म्हणाली, "गाव तिकडंच रायलं, पाटी तेवढी इकडं आली." मी तेव्हा ते म्हातारपणाचं दुःख समजून ऐकून घेतलं.

भाचीनं पहिल्या वर्षी त्यावर निबंध लिहिला. तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न आहे: थीसियस नावाच्या ग्रीक वीराचं जहाज अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवलं. एकेक फळी कुजली की नवी बसवली. सगळ्या फळ्या बदलल्यावर ते तेच जहाज का? आपल्याकडे त्याचा भाऊ शोभेल असा प्रसंग 'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथात आहे. भिक्खू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला विचारतो, महाराज, आपण रथातून आलात. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ? मग रथ कुठे आहे? राजाला कबूल करावं लागतं की या भागांच्या विशिष्ट जुळणीला आपण 'रथ' हा शब्द लावतो, इतकंच.

मग गाव म्हणजे काय? महसूल खात्याच्या दृष्टीनं गाव म्हणजे गावठाण, शिवार, गट नंबर. मोबदला त्याचाच मिळतो, कारण मोजता तेवढंच येतं. घर, विहीर, झाडं यांचं मूल्यांकन झालं. पण ढिवराच्या घराला मोबदला मिळाला तरी त्याची शेती म्हणजे नदी होती, तिचा सातबारा कोणाच्या नावावर होता? कोणाचं घर कोणाच्या घराला लागून होतं, नदीवर कोणता घाट कोणाचा, गुरं कुठून कुठे जात, पोळ्याला बैल कुठे उभे राहत, ही जुळणी कुठल्या रकान्यात लिहायची? नागसेनाच्या हिशेबानं भाग सारे इकडे आणले, जुळणी आली नाही. आजी तेच म्हणत होती. तिला फक्त त्यासाठीचे शब्द कोणी शिकवले नव्हते.

निबंध इथेच थांबला असता तर मी त्याला छान ललित लेख म्हटलं असतं. पुढचा भाग कठीण आहे. जमीन घेताना सरकार 'सार्वजनिक प्रयोजन' हा शब्द वापरतं. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात तो होता, २०१३ च्या नव्या कायद्यातही आहे. त्याच्यामागचा विचार बेंथमचा: जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त हित. अडीच लाख हेक्टर एका पारड्यात, काही गावं दुसऱ्या पारड्यात. पारडं कुठे झुकणार हे उघड आहे. दुसरा विचार जॉन रॉल्स या अमेरिकी तत्त्वज्ञाचा, १९७१ चा. तो म्हणतो, नियम ठरवताना आपण समाजात कोण असणार हे आपल्याला माहीतच नाही असं धरा. कालव्याखालचा शेतकरी असणार, की बुडितातला ढिवर, ठाऊक नाही. मग कोणते नियम मान्य कराल? भाचीचं म्हणणं असं की अशा अवस्थेत बसलेला माणूस धरणाला कदाचित हो म्हणेल, पण आधी पुनर्वसन पूर्ण, मग घळभरणी, ही अट घातल्याशिवाय म्हणणार नाही.

हा निबंध तिनं घरी वाचून दाखवला. माझा भाऊ आंदोलनांना गेलेला माणूस, घोषणा दिलेला, पोलिसांच्या गाडीत बसलेला. तो गप्प ऐकत होता. शेवटी त्यानं एकच शंका काढली: "पण कालव्याखालच्याचं काय? त्याचंही पोट आहे ना." आणि मग बापलेक रात्री साडेअकरापर्यंत वाद घालत बसले. मी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर होते, माझी बॅटरी संपली. धरणावर इतकी वर्षं आमच्या घरात रडणं झालं होतं, चिडणं झालं होतं, हिशेब झाले होते. समोरच्याची बाजू मांडून वाद पहिल्यांदाच झाला.

आपल्या भागातल्या मुलीनं हे शिकावं, याला आणखी एक कारण आहे. तत्त्वज्ञान म्हणजे पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू घरांची चैन, असं आपण धरून चालतो. इथून वर, धरणाच्या फुगवट्याला लागून अंभोरा आहे. आता तिथला केबलचा पूल बघायला आणि फोटो काढायला लोक जातात. मराठीतला आद्य ग्रंथ मानला जाणारा मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु', शके १११० म्हणजे ११८८ चा, तिथे लिहिला गेला अशी आपल्याकडची परंपरा आहे. अंबाजोगाईकर ते मान्य करत नाहीत, त्यांचा स्वतःचा दावा आहे आणि समाधीही त्यांच्याकडे आहे. ते भांडण विद्वानांवर सोडू. पण तो ग्रंथ अद्वैत वेदान्तावरचा आहे. म्हणजे मराठी भाषा ग्रंथ लिहायला बसली तेव्हा तिनं पहिला विषय हा घेतला.

पवनीला बाजाराला आपण सगळेच जातो. तिथल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये उत्खनन झालं आणि दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप निघाला. स्तूप होता म्हणजे भिक्खू होते. नागसेनासारखे प्रश्न या वैनगंगेच्या काठी कोणी कोणाला विचारले नसतील असं मला वाटत नाही. आणि १९५४ साली भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत उभे राहिलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूई या तत्त्वज्ञाच्या वर्गात बसलेले होते. आपल्या जिल्ह्यानं त्यांना निवडून दिलं नाही, ते असो. त्यांनी अर्थशास्त्र, कायदा, तत्त्वज्ञान यांत कधी भिंत घातली नाही. शेवटी लिहिला तो ग्रंथ बुद्ध आणि त्याच्या धम्मावर.

विदर्भात ही ओढ पुढेही होती. अमरावतीला तत्त्वज्ञान शिकवलेल्या दि. य. देशपांडे यांनी १९९० मध्ये नागपुरातून 'आजचा सुधारक' हे मासिक सुरू केलं. नागपूरचे सुरेंद्र बारलिंगे पुणे विद्यापीठात तत्त्वज्ञान विभागाचे प्रमुख झाले. तिकडे खानदेशात अमळनेरच्या प्रताप शेठजींनी, ते गिरणीमालक होते बरं का, १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभारलं. साने गुरुजी अमळनेरला आले ते तिथे अभ्यास करायला, शाळेतले शिक्षक नंतर झाले.

आता माझ्या त्या मित्रासाठी व्यवहाराचं बोलते. मुलीला हो म्हणण्याआधी कॉलेजात जाऊन एवढं बघ: या विषयाला पूर्ण वेळ शिक्षक आहे का. अनेक ठिकाणी जागा रिकामी असते आणि विषय तासिका तत्त्वावर नेमलेल्या माणसाच्या खांद्यावर असतो. तो माणूस कितीही चांगला असला तरी पुढच्या जूनमध्ये असेलच याची खात्री नसते. शिक्षक नसेल तर तो प्रवेश घेऊ नका, हे मी स्पष्ट सांगते. हा विषय गाइडवरून होत नाही, समोर कोणीतरी अडवणारं लागतं.

नुसत्या बी.ए.वर नोकरी मिळेल असं समजू नका. तीन वर्षांनंतर आणखी दोन-तीन वर्षं लागणार, त्यांची तजवीज आजच करायला हवी. एलएल.बी.चा तीन वर्षांचा अभ्यासक्रम कोणत्याही पदवीनंतर करता येतो, आणि वाद घालायची सवय तिथे कामी येते. यूपीएससीला तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय आहे. एम.ए., नेट-सेट करून प्राध्यापकी हा सरळ रस्ता दिसतो, पण त्या रस्त्यावर गर्दी जास्त आणि जागा कमी, म्हणून तो एकटा धरू नका. बी.एड. करून हायस्कुलात लागावं तर शाळेत हा विषयच नाही. अकरावी-बारावीच्या कला शाखेला तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान आहे, तेही मोजक्या कॉलेजांत. नव्या धोरणात मुख्य विषयाबरोबर दुसरा जोडविषय घेता येतो, तो डोळे उघडे ठेवून घ्या. भाचीनं संख्याशास्त्र मागितलं होतं, वेळापत्रकात बसलं नाही, मग अर्थशास्त्र घेतलं. शिवाय इंग्रजी. मराठीतून शिकता येतं, शिकावंही, पण पुढचं वाचन इंग्रजीत आहे आणि त्यासाठी ती रोज एक पान भाषांतर करते. ते पान मला पाठवते, मी ऑफिसच्या बसमध्ये तपासते.

आणि हे सगळं बघून तुझी ऐपत नाही असं दिसलं, तर तसं तिला सरळ सांग. पैसे नाहीत हे कारण मुलीला कळतं. "त्यात काही अर्थ नाही" हे कारण तिला कळत नाही, कारण ते खरं नाही. तेव्हा आधी नर्सिंग, डी.एड., आयटीआय काहीही करू दे, आणि कमावती झाली की इग्नूतून तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. करता येतं. ते दार बंद होत नाही.

आमची भाची आता दुसऱ्या वर्षाला आहे. पुढे काय करेल ते तिलाही पक्कं माहीत नाही. कायद्याकडे कल दिसतो. भाऊ अजून काळजी करतो. करणारच. पण आता फोनवर "समजव तिले" म्हणत नाही, "तिनं काल काय म्हटलं ऐक" असं म्हणतो.

शेवटचा मुद्दा शाळेचा. आपल्या बॅचतर्फे ग्रंथालयाला काहीतरी द्यायचं ठरलं आहे आणि घड्याळ की वॉटर कूलर यावर गाडी अडली आहे. माझी सूचना पुस्तकांची आहे. दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला 'मराठी तत्त्वज्ञान महाकोश' तीन खंडांचा आहे, १९७४ चा. जुन्या पुस्तकांच्या दुकानांत मी शोधते आहे, मिळाला तर माझ्याकडून. बालभारतीची तर्कशास्त्राची आणि तत्त्वज्ञानाची अकरावी-बारावीची पुस्तकं फार महाग नाहीत, त्यांच्या चार-चार प्रती घेऊ. नववी-दहावीच्या मुलांना ती सहज वाचता येतील. सरांशी बोलणं झालं आहे, प्रयोगशाळेशेजारचं एक कपाट रिकामं होतं आहे. वर्गणीची वही माझ्याकडे आहे, जेवणाच्या पंगतीनंतर तिथेच बसते. वॉटर कूलरवाल्यांनीही यावं, दोन्ही होईल एवढे आपण आहोत.